लिफ्ट बसली, पण पंप खरंच गेला का?

मे महिना सरत आला की नांदुऱ्यात ट्रॅक्टरची कामं करणाऱ्या गॅरेजसमोर एक तक्रार हमखास ऐकू येते. "भाऊ, लिफ्ट उचलूनच नाही राह्यली." नांगरट आटोपत आलेली असते, पेरणी तोंडावर असते, मालकाला घाई असते आणि मिस्त्रीला त्याहून जास्त. अशा घाईत बहुतेकदा एकच निकाल निघतो, पंप गेला. नवा पंप बसतो आणि ट्रॅक्टर चार दिवस झकास चालतो. पाचव्या दिवशी लिफ्ट पुन्हा जड पडते. मग पंप डुप्लिकेट निघाला म्हणून दुकानदाराशी भांडण.

त्या चार दिवसांत लिफ्ट चालली ती पुष्कळदा पंपामुळे नव्हे. पंप बदलताना जुनं तेल काढून नवं भरलं गेलं, जाळी धुतली गेली, पाइपाचे जोड पुन्हा आवळले गेले. फायदा त्याचा झाला, श्रेय पंपाला मिळालं. हायड्रोलिकच्या बिघाडात पंप हा तपासाचा शेवटचा मुक्काम असायला हवा. आपल्याकडे तो पहिला असतो, आणि त्यात शेतकऱ्याचे पैसे आणि पेरणीचे दिवस, दोन्ही जातात.

लिफ्टमध्ये नेमकं घडतं काय, ते आधी पाहू. बंद भांड्यातल्या द्रवावर कुठेही दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो, हा ब्लेझ पास्कलचा नियम. त्याचा या विषयावरचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर 1663 मध्ये छापला गेला. त्यावर चालणाऱ्या दाबयंत्राचं पेटंट इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामा याने 1795 मध्ये घेतलं. ट्रॅक्टरच्या मागच्या भागात आज तेच तत्त्व काम करतं. समजा, लिफ्टच्या सिलिंडरचा व्यास 80 मिलिमीटर आहे. म्हणजे पिस्टनचं क्षेत्रफळ सुमारे 50 चौरस सेंटीमीटर झालं. तेलाचा दाब दर चौरस सेंटीमीटरला 150 किलो असेल, तर पिस्टनवर साडेसात टनांचा रेटा येतो. लिफ्टच्या हातांच्या लांबीमुळे अवजाराच्या टोकाशी त्यातला एक-दोन टनच उरतो, पण रोटाव्हेटर नाहीतर पलटी नांगर उचलायला तेवढा पुरतो.

या हिशेबातली एक गोष्ट मनात पक्की करून घ्यावी. पंप दाब तयार करत नाही, तो फक्त तेल ढकलतो. त्या तेलाला अडवणारं ओझं समोर असलं की दाब तयार होतो. वाटेत कुठे तेल निसटलं, तर पंप कितीही नवा असो, दाब चढणार नाही. म्हणून बिघाड शोधायचा म्हणजे तेल कुठे अडतंय किंवा कुठून पळतंय ते शोधायचं.

सुरुवात तेलापासूनच करावी. पुष्कळ ट्रॅक्टरांमध्ये गिअर, मागचा धुरा, तेलातले ब्रेक आणि हायड्रोलिक या सगळ्यांना एकच तेल असतं. पातळी पाहायची ती ट्रॅक्टर सपाटीवर, लिफ्ट खाली आणि ट्रॉलीचा जॅक पूर्ण मिटलेला असताना. जॅकचं एवढं महत्त्व का? त्याचाही हिशेब करू. 100 मिलिमीटर व्यासाचा जॅक एक मीटर बाहेर आला की जवळजवळ 8 लिटर तेल ट्रॅक्टरमधून निघून त्याच्यात जातं. ट्रॉली उभी असताना पातळी पाहून तेल ओतलं, तर जॅक मिटल्यावर ते जास्त होतं. आणि पातळी आधीच कमी असली, तर ट्रॉली वर जाता जाता पंपाची ओढनळी उघडी पडते आणि तेलाऐवजी हवा ओढते. ट्रॉली अर्ध्यावर जाऊन थरथरते ती बरेचदा यामुळे. त्यात पंपाचा काही दोष नसतो.

तेलाचा रंगही पाहावा. दुधाळ दिसलं तर त्यात हवा तरी मिसळली आहे किंवा पाणी तरी. हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. काचेच्या स्वच्छ बाटलीत थोडं तेल काढून ठेवावं. हवा असेल तर तासाभरात तेल तळाकडून निवळायला लागतं. पाणी असेल तर ढगाळपणा तसाच राहतो, आणि पाणी जास्त असेल तर रात्रभरात तळाशी वेगळं साचतं. शंका उरलीच तर लोखंडी पत्र्याचा तुकडा चांगला तापवून त्यावर लांबूनच तेलाचा एक थेंब टाकावा. तडतड आवाज आला की पाणी नक्की. स्वयंपाकाचा तवा मात्र या कामाला घेऊ नये.

हे पाणी येतं कुठून, असा प्रश्न मालकाला पडतो. गिअर लिव्हरचं रबर फाटलेलं असतं आणि ट्रॅक्टर पावसात उभा असतो. धुताना प्रेशरचा पाइप थेट लिव्हरच्या बुडाशी आणि डिपस्टिकच्या तोंडाशी धरला जातो. दिवसभर तापलेल्या तेलाच्या पेटीत रात्री हवा थंड होऊन ओल धरते, तीही थोडी थोडी साचत जाते. नांदुरा तालुका पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतो, त्यामुळे इथे आणखी एक भर पडते. इथल्या बोअरच्या खाऱ्या पाण्याने ट्रॉली धुतली आणि जॅक बाहेर काढलेल्या अवस्थेत राहिला, तर दांड्याच्या चकचकीत मुलाम्यावर क्षार बसतात. गंजाचे बारीक खड्डे पडतात आणि जॅक आत-बाहेर होताना ते खड्डे सील खरवडून काढतात. मालक दरवर्षी सील बदलतो, पण दांड्यावरून बोट फिरवून पाहत नाही. त्यामुळे ट्रॉली उभी करताना जॅक नेहमी मिटवून ठेवावा आणि खाऱ्या पाण्याने धुतल्यावर दांडा कोरडा पुसून त्याला तेलाचा हात द्यावा. याला खर्च काहीच नाही.

तेलानंतर जाळी. पंपाच्या आतल्या भागांमधली फट मायक्रोनमध्ये मोजतात, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात. काही ठिकाणी ती पाच-दहा मायक्रोनच असते. माणसाचा केस साधारण 70 मायक्रोन जाडीचा असतो, आणि 40 मायक्रोनपेक्षा लहान कण नुसत्या डोळ्याला दिसत नाही. आपल्या काळ्या मातीची वाळलेली धूळ अतिशय बारीक असते. ज्या कणाने पंप झिजतो तो आपल्याला दिसतच नाही, मग "तेल तर साफ दिसते" या वाक्याला काय अर्थ राहिला? धूळ आत शिरण्याचं मोठं दार म्हणजे ट्रॉलीच्या पाइपाचं झटपट जोडायचं टोक. पाइप काढला की ते टोक धुळीत लोंबत राहतं, त्यावर टोपी नसते, आणि दुसऱ्या दिवशी तसंच जोडलं जातं. जोडण्याआधी दोन्ही टोकं स्वच्छ कापडाने पुसायची आणि काढल्यावर टोपी लावायची, एवढी सवय लागली तरी पंपाचं आयुष्य वाढतं.

ट्रॉली एकमेकांना देण्याची आपल्या गावांतली रीत चांगलीच आहे. पण ट्रॉलीबरोबर तिच्या जॅकमधलं तेलही येतं, हे कुणाच्या लक्षात येत नाही. ज्याच्या ट्रॅक्टरमध्ये पाणी शिरलंय, त्याचं सात-आठ लिटर तेल जॅकमध्ये बसून तुमच्या ट्रॅक्टरपर्यंत येतं आणि ट्रॉली खाली करताना तुमच्या पेटीत उतरतं. कापूस जिनिंगला नेण्याच्या दिवसांत एकच ट्रॉली तीन ट्रॅक्टरांना लागते. मग तिन्ही ट्रॅक्टरांच्या लिफ्ट एकाच सुमारास का कुरकुरतात, याचं नवल वाटायला नको.

जाळी धुताना एक पथ्य पाळावं. गॅरेजमध्ये हात पुसायला सुताचा वेस्ट असतो, त्याने जाळी किंवा व्हॉल्व्ह कधीही पुसू नये. त्याचे धागे जाळीत अडकतात, नाहीतर व्हॉल्व्हच्या बसकेखाली जातात. एक धागा अडकला तरी व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. डिझेलने धुवावी, हवेने वाळवावी आणि तशीच बसवावी. कागदी फिल्टर असेल तर तो धुऊन पुन्हा वापरायची वस्तूच नव्हे.

आता कान द्यायचा. ओढीच्या बाजूला अडथळा असेल, जाळी तुंबली असेल किंवा थंडीत तेल फार घट्ट झालं असेल, तर पंप एकसुरात किंकाळल्यासारखा आवाज करतो. हवा शिरत असेल तर आवाजात खडखड मिसळते आणि तेलावर फेस येतो. लिफ्टला झेपणार नाही एवढं ओझं दिलं की वेगळाच आवाज येतो, तो रिलीफ व्हॉल्व्हचा. प्रेशर कुकरची शिट्टी जे काम करते तेच हा व्हॉल्व्ह करतो. दाब ठरलेल्या मर्यादेवर गेला की तेलाला परतीची वाट देतो.

याच व्हॉल्व्हवर एक वाईट प्रथा चालते. लिफ्ट कमी उचलते म्हटलं की त्याच्या स्प्रिंगखाली शिम टाकून "प्रेशर वाढवून" द्यायचं. तेही गेज न लावता. दाब मुळात किती होता आणि आता किती झाला, हे कुणालाच ठाऊक नसतं. गळती आतच असेल तर शिमने काही साधत नाही. गळती नसेल तर पाइप फुटतो, पंपाच्या शाफ्टवर ताण येतो, क्वचित लिफ्टच्या घराला तडा जातो. गेज न लावता जो रिलीफ व्हॉल्व्हला हात लावतो, त्याच्या हाती ट्रॅक्टर देऊ नये.

गेज नसलं तरी एक सोपी परीक्षा शेतकऱ्याला स्वतः करता येते, आणि पंपाचा निकाल बऱ्याच अंशी तिथेच लागतो. लिफ्ट आणि ट्रॉलीचा जॅक या दोघांना तेल एकाच पंपाकडून मिळतं. लिफ्ट अवजार उचलत नसेल, तर भरलेली ट्रॉली जोडून पाहावी. ती नेहमीसारखी वर गेली, तर पंप ठीक आहे, रिलीफ व्हॉल्व्ह ठीक आहे, ओढनळी आणि जाळीही ठीक आहे. दोष लिफ्टच्या आत, म्हणजे तिच्या सिलिंडरमध्ये, पिस्टनच्या सीलमध्ये किंवा कंट्रोल व्हॉल्व्हमध्ये शोधावा. दोन्हीही उचलत नसतील तरच पंपाच्या बाजूला वळायचं, आणि तिकडेही तेल, जाळी, ओढनळीचे जोड, रिलीफ व्हॉल्व्ह हा क्रम सोडायचा नाही.

जुन्या मॅसी फर्ग्युसन पद्धतीच्या ट्रॅक्टरांत पंप आत तेलातच बुडालेला असतो आणि पीटीओच्या, म्हणजे मागची अवजारं फिरवणाऱ्या, शाफ्टवर चालतो. तिथे पीटीओचा लिव्हर सुटलेला असला तरी लिफ्ट मरते. त्यात दुरुस्ती काही नाही, लिव्हर टाकला की झालं.

उचलते पण धरून ठेवत नाही, हा निराळा आजार. मध्य प्रदेशात बुदनी इथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर चाचणी संस्था आहे. तिथे लिफ्टवर ओझं लावून अर्धा तास ठेवतात आणि दर पाच मिनिटांनी ती किती उतरली ते मोजतात. घरीही हे जमतं. अवजार पूर्ण उचलावं, इंजिन बंद करावं, जमिनीपासूनचं अंतर टेपने मोजून खडूने लिहावं आणि पाच-पाच मिनिटांनी पुन्हा मोजावं. या वेळात अवजाराखाली कुणी जाता कामा नये. थोडी उतरण सगळ्याच ट्रॅक्टरांत असते. पण इंजिन बंद करताच अवजार धपकन बसत असेल तर आतून तेल पळतंय. लिफ्टचा सिलिंडर पेटीच्या आत असल्याने पिस्टनच्या सीलमधून निसटलेलं तेल आतल्या आत पडतं, बाहेर एक थेंब दिसत नाही. ट्रॉलीचा एकाच बाजूने तेल घेणारा जॅक मात्र गळला तर बाहेरच गळतो. जॅक कोरडा आहे आणि तरी ट्रॉली खाली येतेय, तर जॅक खोलू नका. दोष ट्रॅक्टरवरच्या व्हॉल्व्हमध्ये आहे.

याच गळतीचं दुसरं रूप फार फसवं असतं. अवजार वर धरलेलं असताना लिफ्ट ठराविक वेळाने मान हलवते, जरा खाली, पुन्हा वर. मालकाला वाटतं, पंप मधूनमधून तेल सोडतोय. पण तेल सिलिंडरमधून हळूहळू निसटत असतं आणि लिफ्ट उतरत असते. ती उतरली हे आतल्या दांड्यांना कळतं, ते व्हॉल्व्ह उघडतात, पंप ती पुन्हा वर नेतो. म्हणजे पंप आपलं काम चोख करतोय, सील फाटलंय. झटका जितका लवकर लवकर येईल, तितकी गळती मोठी.

काही तक्रारींत तर बिघाडच नसतो. नांगर आपोआप वर येतो, मातीत टिकत नाही, असं सांगत माणूस येतो आणि पाहावं तर ड्राफ्टचा लिव्हर हललेला. ड्राफ्टची ही रचना हॅरी फर्ग्युसन या आयर्लंडच्या माणसाने आणली. 1939 साली फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टर बाजारात आला आणि तीन सांध्यांची ही जोडणी जगभर पोचली. नांगराला जमीन कठीण लागली की वरच्या दांडीवर, म्हणजे टॉप लिंकवर, दाब वाढतो. तो व्हॉल्व्हपर्यंत पोचतो आणि लिफ्ट नांगर किंचित उचलते, म्हणजे इंजिनावर ताण येत नाही. जमीन भुसभुशीत लागली की नांगर पुन्हा खोल जातो. नांगरटीला हे वरदान आहे. पेरणीयंत्राला नाही, कारण बियाणं एका खोलीवर पडायला हवं. तिथे पोझिशनचा लिव्हरच वापरायचा. हा फरक ट्रॅक्टर देतानाच नीट शिकवला जायला हवा. तो शिकवला जात नाही, आणि मग पेरणीच्या ऐन दिवशी चांगली लिफ्ट खोलली जाते.

सकाळी लिफ्ट ठणठणीत आणि दुपारी दोनला मरगळलेली, हे आपल्याकडे उन्हाळ्यात नेहमीचं. बाहेर 44-45 अंश, त्यात पेटी तापलेली. तेल तापलं की पातळ होतं आणि झिजलेल्या फटींतून जास्त निसटतं. थंड असताना चांगली आणि तापल्यावर ढिली, हे झिजेचं लक्षण मानावं. मात्र त्याआधी पेटीत कुठलं तेल आहे ते पाहावं. सुटं, नाव नसलेलं स्वस्त तेल असेल तर आधी ते बदला, कारण तसलं तेल तापल्यावर चांगला पंपही ढिला वाटतो. तेलातले ब्रेक असलेल्या ट्रॅक्टरला पुस्तिकेत लिहिलेलंच तेल लागतं, नाहीतर ब्रेकही कर्कश वाजू लागतात.

तपासाचा हा क्रम फक्त ट्रॅक्टरपुरता नाही. अमेरिकेत मोठ्या हिरवळी कापायला जागच्या जागी वळणारी यंत्रं वापरतात, त्यांना झीरो-टर्न म्हणतात. मागच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र पंप आणि स्वतंत्र मोटर, आणि दोन्ही हातांत दोन लिव्हर. एका बाजूचं हायड्रोलिक ढिलं पडलं की यंत्र सरळ न जाता त्या बाजूला वळत जातं. तिथल्या मिस्त्रीची सोय अशी की निरोगी बाजू शेजारीच असते, तिच्याशी ताडून पाहता येतं. त्याचा क्रमही हाच असतो. यंत्र ढकलून नेण्यासाठी ठेवलेला बायपास व्हॉल्व्ह उघडा तर राहिला नाही, पट्टा ढिला नाही ना, तेल पुरेसं आहे ना, त्यात हवा नाही ना. पंप खोलण्याची वेळ या सगळ्यानंतर. तेल बदलल्यावर तिथे चाकं उचलून, बायपास उघडा ठेवून लिव्हर हळूहळू पुढे-मागे करत आतली हवा काढतात. मग बायपास मिटवून पुन्हा तेच करतात. आपल्याकडेही तेल बदलल्यावर लिफ्ट आणि रिकामी ट्रॉली पाच-सहा वेळा सावकाश वर-खाली करावी, थोडं थांबावं आणि पातळी पुन्हा पाहावी. बरेच जण तेल ओततात आणि लगेच भरलेली ट्रॉली उचलतात.

हे सगळं करताना जिवाची काळजी आधी. पाइपाला सुईएवढं भोक पडलं तरी त्यातून निघणारी तेलाची धार कातडी भेदून आत जाते. गळती हाताने चाचपू नये, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून पाहावा. धार लागलीच तर जखम मुंगी चावल्याएवढी दिसते, फारशी दुखतही नाही, म्हणून माणूस घरी जातो. काही तासांत हात सुजतो आणि तो वाचवणं अवघड होतं. अशा वेळी लगेच मोठ्या रुग्णालयात जावं आणि "दाबाचं तेल आत गेलंय" हे डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगावं. ट्रॉली उचललेली असताना तिच्याखाली काम करायचं असेल, तर आधी ती रिकामी करावी आणि मजबूत लोखंडी टेकू लावावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर एक क्षणही खाली जाऊ नये. कुठलाही जोड सोडण्याआधी अवजार जमिनीवर टेकवावं, इंजिन बंद करावं आणि लिव्हर दोन-तीनदा हलवून उरलेला दाब काढून टाकावा.

लिफ्ट पाहण्याची योग्य वेळ मे महिन्याचा शेवट नाही. हरभरा-गहू निघाला की नांगरटीआधी मोकळे दिवस मिळतात, त्यांतला एक यासाठी ठेवा. तेल बाटलीत काढा, जाळी धुवा, दांड्यावरून बोट फिरवा, अर्ध्या तासाची उतरण मोजून वहीत तारखेसह लिहा. पुढच्या वर्षी तो आकडा समोर असेल, तर मिस्त्रीलाही अंदाजाने बोलावं लागणार नाही. आणि तरीही कुणी पंपच गेला म्हणालं, तर एवढंच विचारा: भरलेली ट्रॉली लावून पाहिली का?